‘पहिली आली का?’ आणि कॉलेज क्रॉस कंट्रीबद्दल घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

लेक अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात क्रॉस कंट्री, म्हणजे गवत, चिखल आणि टेकड्यांवरून सहा किलोमीटर धावायची शर्यत, धावायला लागली आणि आमच्या शनिवारांचं वेळापत्रकच बदललं. इकडे सकाळी अकराला शर्यत संपायची, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असायचे. फोन लगेच वाजायचा. आजी, दोन मावश्या, एक काका, आणि अधूनमधून शेजारच्या वहिनीसुद्धा. प्रश्न तेच. चार वर्षं तीच उत्तरं देऊन झाल्यावर ती एकदाची लिहून काढली. ज्यांची मुलगी, भाची, नात आता या खेळात उतरते आहे, त्यांनाही उपयोगी पडतील.

पहिली आली का?

नाही. सदुसष्टावी आली. आणि संघ जिंकला.

हे एवढं पचलं की बाकीचा खेळ समजायला अर्धा तास पुरतो. लांबून बघणाऱ्याला ही दोनशे मुलींची एकेकटीची शर्यत वाटते. प्रत्यक्षात ती संघांची शर्यत असते. पहिली येणाऱ्या मुलीला तिचं पदक मिळतंच, तिचं नाव छापून येतं. पण कॉलेजात ज्या करंडकासाठी वर्षभर पहाटे उठतात तो संघाचा, आणि तो ठरतो साधारण चाळीस ते शंभर क्रमांकांच्या त्या घामट गर्दीत. तिकडे कॅमेरा फारसा जात नाही.

मग गुण कसे मोजतात?

जेवढा क्रमांक तेवढे गुण, आणि ज्यांचे गुण सर्वांत कमी तो संघ जिंकला. तिसरी आली तर तीन गुण, चाळिसावी आली तर चाळीस. मोठ्या अजिंक्यपद शर्यतीत एका संघाच्या सात जणी धावतात आणि पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज होते. पहिले पाचही क्रमांक एकाच संघानं घेतले तर एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच, म्हणजे १५. याहून चांगलं काही असूच शकत नाही. राष्ट्रीय पातळीवर तिथपर्यंत कोणी पोहोचत नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या मुलींनी २०१५ मध्ये ४९ गुणांत राष्ट्रीय विजेतेपद घेतलं तेव्हा सगळे थक्क झाले होते. २०२४ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, म्हणजे बीवाययू, १४७ गुणांनी जिंकलं. दोन्ही विजेतेच. बाकीचे संघ किती तुल्यबळ आहेत यावर हा आकडा हलतो.

एक बारकावा सांगते, कारण यावरून आमच्या काकांनी माझ्याशी वाद घातला होता. राष्ट्रीय शर्यतीत ३१ संघ असतात, आणि ज्यांचा संघ पात्र ठरला नाही पण स्वतः ठरल्या अशा ३८ मुली वेगळ्या असतात. एकूण २५५. संघांचे गुण काढताना या ३८ जणींना यादीतून बाजूला काढतात आणि उरलेल्यांना नव्यानं क्रमांक देतात. म्हणून निकालपत्रात मुलगी ऐंशीवी दिसते आणि संघाच्या खात्यावर मात्र तिचे साठ-पासष्टच गुण पडतात. हिशेब चुकलेला नसतो.

पाच जणींचेच गुण धरायचे, तर सहावी आणि सातवी कशाला धावतात?

दुसऱ्यांना मागे ढकलायला. हा या खेळातला माझा सर्वांत आवडता भाग आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

समजा दोनच संघ आहेत, अ आणि ब. अ संघाच्या तीन मुली जबरदस्त आहेत, पहिली, दुसरी आणि तिसरी त्यांचीच. पण चौथी-पाचवी बेताची, त्या अकराव्या आणि बाराव्या येतात. ब संघात तारे कोणीच नाहीत, पण त्यांच्या सातही जणी चौथ्यापासून दहाव्यापर्यंत ओळीनं येतात. आता बेरीज करा. अ संघ : १ + २ + ३ + ११ + १२, एकूण २९. ब संघ : ४ + ५ + ६ + ७ + ८, एकूण ३०. अ एका गुणानं जिंकला.

पण बघा, ब संघाची सहावी नववी आली आणि सातवी दहावी. त्यांचे गुण स्वतःच्या संघात धरलेच नाहीत. तरी त्या दोघी मध्ये घुसल्या नसत्या तर अ संघाच्या चौथी-पाचवीला नऊ आणि दहा गुण पडले असते, आणि अ संघ २५ वर संपला असता. म्हणजे ज्यांची नावं बेरजेत नाहीत अशा दोघींनी चार गुणांचं काम केलं.

आता शेवटच्या पन्नास मीटरमध्ये ब संघाच्या सर्वांत पुढच्या मुलीनं अ संघाच्या तिसरीला गाठलं असं धरा. अ : १ + २ + ४ + ११ + १२, म्हणजे ३०. ब : ३ + ५ + ६ + ७ + ८, म्हणजे २९. एकीनं एकीला मागे टाकलं आणि निकाल उलटला, कारण एका ओलांडण्यात दोन गुणांचा फरक पडतो : आपला एक कमी, त्यांचा एक जास्त. आजीला हे मी वाटाणे मांडून समजावलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आपल्याला पाचवी चांगली हवी.” कोच लोकांना हे कळायला दोन हंगाम लागतात.

एका गुणानं खरंच कोणी हरतं का?

हरतं. २०१६ च्या राष्ट्रीय शर्यतीत इंडियानातल्या टेरे होट इथं ओरेगॉनच्या मुली १२५ गुणांनी जिंकल्या, मिशिगनच्या १२६ वर राहिल्या. २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला नॉर्थ कॅरोलिना स्टेटचे १२३, नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाचे १२४. त्या विजयानं नॉर्थ कॅरोलिना स्टेटचं सलग तिसरं विजेतेपद पूर्ण झालं. अशा शर्यतीनंतर हरलेल्या संघातली प्रत्येक मुलगी आपण शेवटी कोणाला पुढे जाऊ दिलं तो चेहरा आठवत बसते.

बरोबरी झाली तर कॉलेजच्या नियमानं दोन्ही संघांच्या गुण मिळवणाऱ्या मुली एकमेकींसमोर ठेवतात. तुमची पहिली आमच्या पहिलीच्या पुढे होती का, दुसरी दुसरीच्या? पाचांतल्या ज्याच्या जास्त, तो वर. शाळांच्या पातळीवर सहावीचा क्रमांक बघतात, तो नियम इथं लावू नका.

सगळ्या घोळक्यानं का धावतात? मोकळं धावलं तर वेग नाही का वाढणार?

घोळका हा डावपेच आहे. वारा अंगावर कमी येतो हा एक भाग झाला. खरं कारण डोक्यातलं असतं. चार किलोमीटर झाल्यावर पाय जड होतात तेव्हा एकटी मुलगी नकळत वेग सोडते. शेजारी आपल्याच रंगाचा बनियन दिसत असेल तर सोडत नाही.

कोच मंडळी ‘स्प्रेड’ नावाचा एक आकडा सांभाळतात : संघातली पहिली आणि पाचवी यांच्यात किती सेकंदांचं अंतर. तो कमी ठेवायचा. पण कमी स्प्रेड म्हणजे आपोआप चांगला संघ असंही नाही. पाचही जणी एकत्र दीडशेव्या आल्या तर स्प्रेड सुंदर आणि निकाल भिकार. मला विचाराल तर पुढे एक-दोघी मोकळ्या सोडायच्या आणि तिसरी ते सहावी बांधून ठेवायच्या, ही मांडणी सर्वांत व्यवहारी. पुढच्या टोकाला दहा सेकंदांनी फार तर दोन-तीन जागा बदलतात. मधल्या गर्दीत पाच सेकंदांत दहा-पंधरा जणी निघून जातात. कोचची मेहनत कुठे लावायची ते यावरूनच कळतं.

सुरुवातीला ती इतकी मागे का होती? झोपली होती का?

काकांचा प्रश्न. सुरुवातीची रेषा रुंद असते, प्रत्येक संघाला चुन्यानं आखलेला एक चौकोन मिळतो आणि सगळ्या एका आडव्या ओळीत उभ्या राहतात. बंदूक वाजली की अडीचशे मुली सुटतात, आणि काहीशे मीटरवर रस्ता अरुंद होतो. पंढरीच्या वारीत दिंडी पुलावर शिरते तसं. त्या नरसाळ्याच्या आधी फार मागे राहिलात तर कोंडीत अडकता, कोपर लागतात, कोणाच्या तरी स्पाइक्सनी (खिळ्यांच्या बुटांनी) पोटरी सोलून निघते. फार पुढे धावलात तर पहिल्याच किलोमीटरला उसनं घेतलेलं शेवटच्या किलोमीटरला व्याजासकट फेडावं लागतं. तेव्हा मागे असणं नेहमी झोपणं नसतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण २०२२ च्या राष्ट्रीय शर्यतीचं, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरचं. फ्लोरिडाची पार्कर वॅल्बी एकटी पुढे निघून गेली. मागे नॉर्थ कॅरोलिना स्टेटची केटलिन टुओही होती. मैदान चढउतारांचं, दमवणारं. टुओही घाबरून लगेच मागे लागली नाही, अंतर हळूहळू कापत आली आणि शेवटच्या टप्प्यात पुढे गेली. १९ मिनिटं २७.७ सेकंद, वॅल्बी १९:३०.९. संघाचं विजेतेपदही त्याच दिवशी टुओहीच्या संघाकडे गेलं. पुढच्या वर्षी वॅल्बी तशीच पुढे निघाली आणि या वेळी कोणाच्याच हाती लागली नाही. डावपेच चुकीचा नव्हता, वर्ष चुकीचं होतं म्हणायचं.

शर्यत चालू असताना कोच कुंपणाशी धावत जाऊन आकडे ओरडतात, “चौऱ्याऐंशी! समोर निळ्या तिघी!” त्यांना वेळेत फारसा रस नसतो. ते माणसं मोजत असतात.

नावाजलेला संघ विभागीय शर्यतीत दुसरा आला. बिघडलं काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. हंगाम असा : सप्टेंबर-ऑक्टोबरात आमंत्रणाच्या शर्यती, मग आपापल्या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, नोव्हेंबरात विभागीय आणि थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी राष्ट्रीय. नऊ विभागांतले पहिले दोन-दोन संघ थेट जातात. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाला तिकीट सारखंच. मग शहाणा कोच पोरींना सांगतो, एकत्र राहा, दुसऱ्या क्रमांकात राहा आणि दम वाचवा. काही वेळा सर्वांत चांगल्या मुलीला चक्क बसवून ठेवतात. उरलेल्या जागा हंगामभर तुम्ही कोणाकोणाला हरवलं ते बघून दिल्या जातात, म्हणून विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या नटीकोम्बसारख्या आमंत्रणाच्या मोठ्या शर्यतींना एवढी गर्दी असते. तिथं कमावलेलं नोव्हेंबरात वाया जात नाही.

यात आपलं कोणी आहे का?

मराठी माणसाचा आवडता प्रश्न. ‘आपलं’ जरा मोठं केलंत तर आहे : दिलजीत टेलर, बीवाययूच्या मुलींच्या प्रशिक्षक. पंजाबी आईवडिलांची, कॅलिफोर्नियात वाढलेली मुलगी, स्वतः कॅल स्टेट स्टॅनिस्लॉससाठी धावली. तिच्या हाताखाली बीवाययूनं दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. पहिलं कोविडमुळे लांबलेल्या २०२० च्या हंगामाचं, ती शर्यत मार्च २०२१ मध्ये झाली, आणि दुसरं २०२४ चं.

आणि लांब पल्ल्याच्या मुली म्हणाल तर आपल्याकडे काय कमी आहेत? नाशिकच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुलात १०,००० मीटरला कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर रिओला २०१६ मध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाणी ओलांडायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी आली. आजी लेकीला फोनवर अजून विचारते, “ललितासारखं पाण्यात उडी मारून धावतात ते का?” नाही आजी, ते वेगळं. पण चिखल असतो.

मुलींना ६ किलोमीटर आणि मुलांना १०. असं का?

याचं मला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. इतिहास सांगते. अमेरिकेत शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. महिलांची स्वतंत्र राष्ट्रीय कॉलेज क्रॉस कंट्री १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती महिलांच्याच एका संघटनेच्या हाती होती आणि पहिली चार विजेतेपदं आयोवा स्टेटनं नेली. एनसीएए या मुख्य संघटनेनं १९८१ मध्ये पहिल्यांदा महिलांची शर्यत घेतली. व्हर्जिनिया जिंकलं. अंतर ५ किलोमीटर होतं, २००० साली ते ६ केलं. मुलगे राष्ट्रीयला १० धावतात. जागतिक क्रॉस कंट्रीत मात्र २०१७ च्या कंपालातल्या स्पर्धेपासून वरिष्ठ गटात बायका आणि पुरुष दोघांनाही १० किलोमीटर आहे. ‘मुलींना झेपणार नाही’ हे कारण आता कोणी उघड देत नाही, वेळापत्रक आणि परंपरा देतात. लेकीच्या संघात यावर दोन तट होते. अर्ध्या म्हणायच्या अंतर वाढवा, अर्ध्यांना सहाचा तो सुरुवातीपासूनचा दणका आवडायचा.

अंतर बरोबर ६ किलोमीटर असतं का?

साधारण. आता हा ‘साधारण’ उलगडते, कारण लेकीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वयंसेवक झाले आणि माझ्या हातात मोजणीचं चाक आलं.

रस्त्यावरच्या मॅरेथॉनची मोजणी फार कडक असते. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावतात, आधी पोलादी टेपनं मोजलेल्या पट्ट्यावर ते पारखतात, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून सर्वांत जवळच्या मार्गानं चालवतात, आणि वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे कमी भरायला नको. एवढं सगळं कशासाठी? १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारनं २:०८:१३ आणि न्यूझीलंडच्या अ‍ॅलिसन रोनं २:२५:२९ अशा जगातल्या सर्वोत्तम वेळा दिल्या, आणि नंतर पुन्हा मोजलं तर मार्ग सुमारे १५० मीटर तोकडा निघाला. दोघांचेही विक्रम गेले.

क्रॉस कंट्रीत हे जमत नाही. गवतावर सायकलचं चाक दबतं, घसरतं. मग हातानं ढकलायचं चाक किंवा पोलादी टेप. टेप अचूक, पण डोंगरउतारावर सहा किलोमीटर टेप ओढायला माणसं आणि संयम दोन्ही लागतात. चाक सोपं, पण ढकलणारा माणूस जरा नागमोडी चालला की काउंटर जास्त अंतर दाखवतो. तुम्हाला वाटतं सहा हजार मीटर झाले, खुंटी ठोकता, आणि खरी वाट भरते त्याहून कमी. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझा आणि जोडीदाराचा आकडा ३१ मीटरनं वेगळा आला. तिसऱ्यांदा मोजून मग कुठे जुळलं.

वळणं हा खरा चोर. आखलेली वाट आठ-दहा मीटर रुंद असू शकते. मोजायचं कुठून? मुलगी धावू शकेल अशा सर्वांत जवळच्या मार्गानं, म्हणजे आतल्या कडेनं. कोणी मधोमध मोजलं, समजा कडेपासून दोन मीटर बाहेरून, तर एका पूर्ण फेरीत साडेबारा मीटर वाढतात. दोन फेऱ्यांचा मार्ग असेल तर पंचवीस. मुली तर आतून कापत जाणारच. साडेएकोणीस मिनिटांत सहा किलोमीटर धावणाऱ्या मुलीला पंचवीस मीटर म्हणजे पाच सेकंद. मार्ग एक टक्का कमी निघाला, म्हणजे साठ मीटर, तर बारा सेकंद. तेवढ्यात मधल्या गर्दीतल्या तीसेक जणी येऊन जातात, आणि पोरीचा ‘आयुष्यातला सर्वोत्तम वेळ’ फुकटात येतो.

चढउताराचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. नकाशावर सपाट मोजलेले शंभर मीटर दहा टक्के चढावर प्रत्यक्षात भरतात १००.५ मीटर, म्हणजे अर्ध्या मीटरचा फरक. चढ पाय मोडतो, अंतर नाही.

तिच्या घड्याळात ५.८७ दिसलं. मार्ग कमी होता का?

त्यावरून सांगता येत नाही. मनगटावरचं जीपीएस ठरावीक क्षणांनी जागा टिपतं आणि ठिपके रेषेनं जोडतं. वळणावर ती रेषा कोपरा कापते, अंतर कमी दिसतं. झाडीखाली ठिपके इकडेतिकडे उडतात, अंतर जास्त दिसतं. एकाच संघातल्या सात जणींची सात घड्याळं सात आकडे दाखवतात. सगळ्यांचा आकडा एकाच बाजूला आणि बऱ्यापैकी कमी असेल, तर मात्र संशय घ्यायला हरकत नाही.

एकदा आमच्याकडे तसंच झालं. शर्यत कुठली ते सांगत नाही. आदल्या संध्याकाळी मार्ग नीट आखला होता, रात्रीतून गवत कापणाऱ्यानं एका कोपऱ्यातल्या खुंट्या उपटल्या आणि नंतर भल्या मनानं परत ठोकल्या, पण एका झाडाच्या अलीकडे. सकाळी कोणाच्या लक्षात आलं नाही. शर्यत संपल्यावर प्रत्येक मुलगी उड्या मारत होती, सगळ्यांचे सर्वोत्तम वेळ! लेकीनं पुण्याला फोनही करून टाकला. दुपारी चाक घेऊन गेलो तेव्हा कळलं. आजीला परत फोन करायचं काम माझ्याकडे आलं.

मग अशा वेळी निकाल रद्द होतो का?

नाही, आणि तेच योग्य आहे. सगळ्या जणी त्याच तोकड्या वाटेनं धावल्या, म्हणून क्रमांक खरे, गुण खरे. वेळेपुढे फक्त टीप येते.

अडचण होते ती काही जणी एका वाटेनं आणि काही दुसऱ्या वाटेनं गेल्या तर. पुढे चालणारी गाडी चुकीच्या फाट्याला वळली, तिच्यामागे पहिल्या दहा जणी गेल्या, आणि मागच्यांनी पाटी वाचली, असं घडतं. तेव्हा पंचांना बसून ठरवावं लागतं आणि कोणीतरी रडतंच. नियमाच्या नजरेतून मार्ग ठाऊक असणं ही धावणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणून संघ आदल्या दिवशी सगळी वाट चालून, धावून बघतात. बऱ्याच मैदानांवर झेंड्यांचे रंग ठरलेले असतात : लाल म्हणजे डावीकडे वळा, पिवळा म्हणजे उजवीकडे, निळा म्हणजे सरळ. लेकीनं हे पहिल्या वर्षी हातावर पेनानं लिहून घेतलं होतं.

मग चांगली वेळ म्हणजे किती?

मैदान सांगा, मग सांगते. वॅल्बीचंच घ्या. २०२२ मध्ये स्टिलवॉटरला १९:३०.९, २०२३ मध्ये शार्लट्सव्हिलच्या पॅनोरमा फार्म्सवर १८:५५.२. तीच मुलगी, तेच सहा किलोमीटर, पस्तीस सेकंदांचा फरक. त्यातली ती किती सुधारली आणि स्टिलवॉटरच्या टेकड्यांनी किती खाल्ले, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून तर क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रम नोंदवतच नाहीत. फार तर त्या-त्या मैदानाचा विक्रम असतो.

इंडियानातलं टेरे होटचं मैदान जुन्या कोळसा खाणीच्या जमिनीवर खास या खेळासाठीच उभं केलं आहे, रुंद आणि मोकळं. पण २०१९ च्या राष्ट्रीय शर्यतीच्या वेळी तिथंच असा चिखल होता की वेगाचा विचारच नको. मॅडिसनला २०१८ मध्ये बर्फ होतं. तेव्हा आकडा विचारण्याऐवजी एवढंच विचारा : मागच्या वेळी जी तिच्या पुढे होती, ती या वेळी कुठे होती? अनुभवी मंडळी दोन वेगळ्या शर्यतींची तुलना अशीच करतात, दोन्हीकडे धावलेल्या मुली शोधून.

पाऊस आला तर रद्द होते?

नाही. वीज कडाडली तर थांबतात, थोड्या वेळानं धावतात. पाऊस आला तर स्पाइक्सचे खिळे लांब लावतात, बस.

आम्ही बघायला आलो तर कुठे उभं राहायचं?

शेवटच्या रेषेपाशी नाही. तिथं गर्दी असते आणि जेमतेम चार सेकंद दिसतं. फेऱ्यांच्या मार्गात एखादी जागा अशी असते की थोडं पळालं की मुलगी तीनदा दिसते, ती आदल्या दिवशी शोधून ठेवा. बूट जुने घाला. आपल्या संघाच्या बनियनचा रंग लक्षात ठेवा आणि बोटांवर मोजायला लागा, एक, दोन, तीन… पाचवी कधी येते ते बघा. ती आली की मग प्रतिस्पर्ध्याची पाचवी शोधा. आमची आजी गेल्या नोव्हेंबरात आली होती. नातीला हात करायचं विसरली, मोजण्यात गुंतली होती. पाचवी गेली तेव्हा माझा दंड धरून म्हणाली, “त्यांची अजून आली नाहीये गं.”